मोटारीच्या जागी

प्रिय ठकू,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. उचललास तरी 'कामात आहे, मग करते' म्हणून ठेवतेस, आणि तुझं ते 'मग' काही उजाडत नाही. पत्राचं बरं असतं, ते मध्येच कापता येत नाही. माझ्या अक्षराला हसू नकोस. उजव्या हाताला फोड आलेत आणि बोटांना रॉकेलचा वास आहे. तो साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही. हा कागद तुझ्या हातात पडेल तेव्हा त्यालाही येत असेल. सहन कर.

धाकट्या भाऊजींनी तुला काय सांगितलं ते मला कळलंय. त्यांनी किती पाहिलं तेही मला ठाऊक आहे, कारण ते दाराबाहेरच उभे होते. तेव्हा ठरवलं, जे आहे ते मीच सांगते, घाणीसकट. गोड करून सांगायला मला येत नाही हे तू जाणतेस, आणि या कामात गोड म्हणावं असं काही नव्हतंही.

मला किळस लवकर येत नाही. हॉटेलच्या धुलाईखात्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. लोक चादरींवर काय काय सोडून जातात ते मी कुणाला सांगत नाही, आणि घरी येऊन दोन घास जास्तच जेवते. पण आपलं गॅरेज उघडलं त्या दिवशी मी जेवले नाही. छापखाना बंद पडला, तुझा दादा घरी बसला, गाडी विकली, आणि तेव्हापासून ते शटर कुणी वर केलंच नव्हतं. बाजूच्या छोट्या दारातून तो नुसता वस्तू आत ढकलायचा आणि दार लोटून घ्यायचा. शटर गंजून जागेवर बसलं होतं. दोघांनी खांदा लावून ते उचललं, तेव्हा आधी किंचाळल्यासारखा आवाज आला आणि मागोमाग वास. सांडलेल्या तेलाचा वास, उंदरांच्या मुताचा वास, ओल्या भिंतीचा कुबट वास, आणि या सगळ्यांच्या खाली आणखी एक गोडसर वास, जो कशाचा ते मला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा वाटलं, नसतं कळलं तर बरं झालं असतं.

जुन्या टायरांमध्ये पाणी साठलेलं आणि त्या पाण्यात वळवळ. छापखान्याच्या शाईचे डबे, वर कातडी धरलेले. एक लवंडला आणि जमीन लाल झाली, खाटकाच्या दुकानासारखी. माझ्या लग्नातली गादी उभी करून ठेवलेली होती. ती ओढली तर हातात कापूस आला आणि कापसात उंदराची पिल्लं, गुलाबी, डोळे न उघडलेली. मी मागे सरकून भिंतीला टेकले, तर भिंतीचा पोपडा पाठीला चिकटून आला. तुझा दादा म्हणाला, राहू दे, पिल्लं मोठी झाली की आपली आपण जातील. ठकू, हा माणूस तुझा भाऊ आहे. मी नाकाला फडकं बांधलं, गादी प्लॅस्टिकवर घेतली आणि फरफटत बाहेर काढली.

तो गोडसर वास होता फ्रीजचा. आपला जुना, कडी लावलेला. बंद पडला म्हणून खाली ठेवला, आणि बंद पडलेल्या फ्रीजमध्ये याने सरसाचा डबा ठेवला. सरस म्हणजे पुस्तकबांधणीचा तो डिंक, हाडाकातड्यांपासून करतात तो. छापखान्याचा लिलाव झाला तेव्हा कुणी घेईना म्हणून हा घरी घेऊन आला. थंड ठेवायचा असतो म्हणून फ्रीजमध्ये. फ्रीज चालू नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि तो विसरला, देव जाणे. मी दार उघडलं आणि बाहेर पळत जाऊन गटारावर वाकले. भंगारवाला आला, त्याने एकदा आत डोकावलं आणि दार लावून घेतलं. म्हणाला, बाई, हा फ्रीज नाही, ही मयत आहे. नेतो, पण मी नेला हे कुणाला सांगू नका. माझ्याकडे तर काही मागितलं नाहीच, वर जाताना मलाच पाणी प्या म्हणाला.

सामान निघत होतं आणि तुझा दादा ते परत आत नेत होता. वाकडी सळई, लागेल. पाय मोडलेलं स्टूल, लागेल. शाई पुसायच्या चिंध्यांचं बोचकं सोडून एकेक चिंधी नाकाला लावून बघत होता, कुठली ठेवण्याजोगी आहे ते. त्याला तसं चिंध्या हुंगताना पाहिलं आणि मला त्याची शिसारी आली. खोटं कशाला सांगू. इतक्या वर्षांच्या नवऱ्याची शिसारी येणं ही काही सांगायची गोष्ट नाही, पण आली. मी ते बोचकं त्याच्या हातातून हिसकावून कचऱ्याच्या गाडीत टाकलं.  तो संध्याकाळी हात धुताना म्हणाला, छापखान्यात माझ्या हाताखालची माणसं त्या चिंध्यांना हात पुसायची. मी साबण पुढे केला. आणखी काय करणार.

हे सगळं कशासाठी ते तुला भाऊजींकडून कळलंच आहे. आईंसाठी. पण ही कल्पना तुझ्या दादाची आहे असं तुला वाटत असेल तर तसं नाही. माझी आहे. एक दिवस कामावरून आले, पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, गॅरेजची खोली करायची आणि आईंना आणायचं, आणि ते लवकर करायचं. तो माझ्याकडे मला ताप आल्यासारखा बघायला लागला. साहजिक आहे. आईंचं आणि माझं सूत कधी जमलं नाही. मी घासलेली भांडी त्या माझ्यासमोर पुन्हा विसळायच्या. पाहुण्यांपुढे मला 'आमची चादरवाली' म्हणायच्या. खुब्याचं हाड मोडून त्या तुझ्याकडे आल्या ते आमचा जिना त्यांना चढवेना म्हणून, हे खरं. पण त्या गेल्यावर घरात मी पाय पसरून झोपले, हेही खरं. म्हणून तुझ्या दादाने पुन्हा पुन्हा विचारलं, हे आत्ताच का, एवढी घाई कशाची. मी म्हटलं, करायचं ते करावं, प्रश्न विचारत बसू नये. त्याने मान हलवली, पण तो आजही माझ्याकडे अधूनमधून तसाच बघतो.

पैसा बेताचाच होता, तेव्हा जे येईल ते हाताने करायचं आणि जे येणार नाही त्याला स्वस्तातला माणूस बघायचा असं ठरलं. स्वस्तातली माणसं हा वेगळाच किळसवाणा प्रकार आहे. एक रंगारी आला. ओल धरलेली मागची भिंत त्याने बोटाने दाबून पाहिली, बोट आत गेलं. बुरशी अशी की हात ठेवला तर मऊ लागेल, मांजराच्या पाठीसारखी. मी विचारलं, याचं काय करायचं. तो म्हणाला, काही नाही ताई, वरून पुट्टी ओढतो, वर रंग मारतो, वर्षभर काही दिसणार नाही. मी म्हटलं, आणि वर्षानंतर? त्याने विचारलं, राहणार कोण आहे इथे? मी सांगितलं, माझ्या सासूबाई. वय किती? तेही सांगितलं. मग तो हसला आणि म्हणाला, मग वर्षभर पुष्कळ झालं की.

ठकू, त्या फ्रीजने मला ओकारी आणली नाही एवढी त्या हसण्याने आणली. हसणं वाईट नव्हतं त्याचं, हेच वाईट. साधं, गिऱ्हाइकाचा फायदा करून देणारं हसणं होतं. मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. तुझा दादा म्हणाला, एवढं काय झालं, तोंडाने बोलला नुसता. मी पत्रा घेतला आणि भिंत खरवडायला लागले. खरवडता खरवडता विटेपर्यंत पोचले तेव्हा कळलं, ओल जमिनीतून येत नव्हती. वरून येत होती. आमच्या स्वयंपाकघराच्या सिंकचा पाइप भिंतीच्या आत फुटलेला होता. म्हणजे वर्षानुवर्षं आमचंच खरकटं पाणी, भातासकट, तेलासकट, त्या भिंतीत मुरत होतं. विटांच्या सांध्यांतून राखाडी बुळबुळीत काहीतरी लोंबत होतं. दुसऱ्याच्या घाणीत मी आयुष्यभर हात घातले, कधी काही वाटलं नाही. स्वतःची घाण पाहून मात्र मी पायरीवर जाऊन बसले आणि बराच वेळ आत गेले नाही. मग पाइप बदलला. भिंत उघडीच ठेवून सुकवली, पंखा लावून. ती सुकेपर्यंत वरच्या सिंकमध्ये भांडी घासायला मनच होईना, बादलीत घासत होते.

तुझ्या दादाने एक काम मनापासून केलं. जुनं सामान हुडकून आणायचं. पाडलेल्या एका लॉजमधून त्याने खिडकी आणली, चांगली आहे. रुंद दार आणलं, काठी-वॉकर घेऊन सहज जाता येईल असं. फरशा आणल्या, रंग जुळत नाही पण पाय घसरत नाही. आणि मग एका दुपारी हातगाडीवरून कमोड आणला. लॉजमधला. न धुतलेला. वर कौतुक असं की मला बोलावून दाखवतोय, नवा घ्यायला गेलं तर किती पडला असता. मी म्हटलं, खिडकी जुनी चालेल, दार जुनं चालेल, नवरा जुना चाललाच आहे, पण हे नाही. तो म्हणाला, ॲसिडने घासू, लखलखीत होईल. मी म्हटलं, लॉजमध्ये कोण येतं आणि काय करून जातं ते मी चादरींवर वाचलंय, तू मला सांगू नकोस. हातगाडी तशीच परत पाठवली. नवा कमोड आणला, उंच, बाजूला धरायला दांडे असलेला, आणि त्यापायी छताचं काम रद्द केलं. म्हणजे आईंनी पडल्यापडल्या वर पाहिलं तर त्यांना उघडे पाइप दिसतील. ते मी रंगवलेत. तेवढंच जमलं.

आता गटाराचं. कारण भाऊजींनी तुला जे सांगितलं त्याचं मूळ त्यात आहे. न्हाणीचं पाणी बाहेरच्या चेंबरला जोडायचं होतं. प्लंबरने अर्धं खणलं, हप्ता घेतला आणि दिसेनासा झाला. फोन लावला की एक बाई उचलायची आणि 'ते अंघोळीला गेलेत' सांगायची. रोज. इतक्या अंघोळी करणारा प्लंबर मी दुसरा पाहिला नाही. शेवटी तुझा दादा म्हणाला, मी बघतो. लांब सळई घेतली, तुंबलेल्या पाइपात घातली आणि हिसके द्यायला लागला. मी म्हणत होते, थांब, विचार कुणाला तरी. तेवढ्यात आतून घशात अडकल्यासारखा आवाज आला आणि पाइप सांध्यात फुटला. शेजारपाजारच्या सगळ्या घरांचं जे काही असतं ते सगळं त्या नव्या फरशीवर आलं. घोट्यापर्यंत. काळं, कोमट. कोमट होतं हे मला विसरता येत नाही.

आम्ही दोघं त्यात उभे. शेजारची मंडळी गॅलरीत येऊन नाकाला पदर लावून बघत होती, जणू ते आमचंच होतं. मी बादल्या भरायला लागले. तुझा दादा एका उलट्या डब्यावर बसला आणि म्हणाला, नको. आईला इथे आणायचं नाही. ज्या जागेत मी उभा राहू शकत नाही तिथे आईला ठेवू? मी हातातला मग त्याच्या अंगावर फेकला. लागला नाही. म्हटलं, मग रोज आईंना पाठीवर घेऊन जिना चढशील? की ठकूच आहे आपली, तिच्याकडे राहू दे, ती कुठे तक्रार करतेय? तो मग उठला, आणि त्याने खराटा घेतला. सगळं संपल्यावर आम्ही गरम पाणी ओतलं, फिनेल ओतलं, पुन्हा गरम पाणी ओतलं. धुलाईखात्यातून मी ब्लीचिंगचा डबा आणला होता, तोही संपवला. वास गेला असं वाटायचं, आणि ऊन आलं की परत यायचा. फुटलेला सांधा दुसऱ्या प्लंबरने येऊन बसवला, नीट बसवला, तो अंघोळीला गेला नाही.

आणि नेमक्या त्या रविवारी धाकटे भाऊजी आणि जाऊबाई आले. वास अजून होता, ते मी नाकारत नाही. जाऊबाई गाडीतून उतरल्याच नाहीत, काच वर करून बसल्या. भाऊजी शटरच्या रेषेपर्यंत आले. रुमाल नाकाला. बूट ओले होतील म्हणून आत पाऊल टाकलं नाही. म्हणाले, वहिनी, आईला गॅरेजमध्ये ठेवणार तुम्ही? लोक काय म्हणतील? मी हात पुसले आणि विचारलं, भाऊजी, तुमच्याकडे चार खोल्या आहेत, लिफ्ट आहे, तुम्ही नेता का? तर म्हणाले, आमच्याकडे कसं जमेल, आम्ही दोघंही दिवसभर बाहेर, आणि आईला इतक्या उंचावर करमायचं नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, मी एक संस्था पाहून ठेवलीय, स्वच्छ आहे, माझा वाटा मी देईन. तुझा दादा आतून म्हणाला, संस्थेत ठेवलं तर लोक काही म्हणणार नाहीत का? त्यावर ते घड्याळ बघायला लागले.

हे इथेच संपलं असतं तर मी तुला लिहिलंही नसतं. दुसऱ्या दिवशी दारात एक खोकं आलं. भाऊजींकडून. मला क्षणभर बरं वाटलं, म्हटलं, काही का असेना, लाज वाटली माणसाला. आत काय असावं? खोलीत फवारायच्या सुगंधाच्या बाटल्या. गुलाब, मोगरा, आणखी कसला तरी समुद्राचा वास म्हणे. सोबत कार्ड, 'खोलीसाठी आमच्याकडून छोटीशी भेट'. मी ते खोकं हातात धरून उभी राहिले. चादरींचे डाग, सरसाचा डबा, ते कोमट काळं पाणी, या सगळ्यांना निदान स्वतःचा असा वास होता. या बाटल्यांचा वीट आला तो वेगळाच. मी खोकं तसंच्या तसं भंगारवाल्याला दिलं. त्यानेही हुंगून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

मग भाऊजींनी तुला सांगितलं, वहिनी आईला गटारात ठेवतेय. आणि आईंनाही सांगितलं. हे तुला माहीत नसेल, तू कामावर होतीस तेव्हा आईंनी मला फोन लावला. मी हॅलो म्हणायच्या आत म्हणाल्या, काय गं चादरवाली, मला म्हणे मोटारीच्या जागी उभी करणार आहेस. एरवी मी गप्प बसले असते. पण हाताला फोड होते आणि अंगाला वास होता. म्हटलं, आई, मोटारीला आम्ही न्हाणी बांधून दिली नव्हती.  मला वाटलं, ठेवला फोन. मग त्यांनी विचारलं, खिडकी कुठल्या बाजूला आहे? मी सांगितलं, रस्त्याच्या. येणारी-जाणारी दिसतील का? म्हटलं, दिसतील, आणि तुम्ही त्यांना नावं ठेवलीत तर तीही त्यांना ऐकू जातील. हं, म्हणाल्या, आणि ठेवला. ठकू, त्या 'हं'मध्ये नाही नव्हतं. मी त्यांना इतकी वर्षं ऐकत आलेय, मला कळतं.

आता खोली कशी आहे ते सांगते, म्हणजे भाऊजींचं आणि माझं तू ताडून बघ. शटर गेलं, तिथे भिंत आली आणि भिंतीत ती लॉजची खिडकी. जमिनीला कुठे उंबरा नाही, पाय अडकणार नाही. मागची भिंत सुकली, गिलावा केला, तुझ्या दादाने केला, म्हणून थोडी पोट सुटल्यासारखी दिसते. फरशीचे दोन रंग आहेत. गाडी उभी राहायची तिथे खालच्या सिमेंटमध्ये तेल मुरलंय, फरशीखालूनही दुपारच्या उन्हात थोडा वास येतो, तो जाणार नाही. गटाराचा गेला. मी रोज गुडघे टेकून, जमिनीला नाक लावून पाहते, तुझा दादा हसतो. न्हाणीतला दांडा आईंना पेलेल का बघायला मी स्टुलावर बसून, एक पाय ताठ ठेवून अंघोळ केली आणि दांडा धरून उठले, तर दांडा भिंतीतून निघून हातात आला आणि मी साबणाच्या पाण्यात बसले. कंबर अजून दुखतेय. बरं झालं, मी पडले. आता लांब बोल्ट मारलेत, तुझा दादा त्याला लोंबकळला तरी हलत नाही. मी कामावर असेन तेव्हा तो आईंपाशी असेल. त्यांचं करायला तो लाजतो, पण शिकेल. मी त्याला चादर पेशंटखाली कशी सरकवायची ते शिकवलंय, मला झोपवून. दोनदा मला पलंगावरून पाडलंय.

आईंचं आणि माझं आता पटेल असं मी म्हणत नाही. त्यांचं अंग पुसताना मला मायेचं भरतं येईल असंही नाही. मला किळस येईल, कधी कधी त्यांची, कधी कधी माझी. पण किळस आली म्हणून मी हातातलं काम कधी टाकलेलं नाही, हे तू लोकांना विचार.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. मी तुझ्या दादाला घाईचं कारण सांगितलं नाही, कारण ते माझं सांगायचं नाही, तुझं आहे. तुझ्या लेकीने मला होस्टेलवरून फोन केला होता. रडत होती. डॉक्टर तुझी गाठ लवकर काढायला सांगतायत, आणि तू 'आईचं काही ठरलं की बघू' म्हणून उठून आलीस, एवढं तिने सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, तिने तुझी शपथ मोडली नाही. मामांना सांगायचं नाही अशी शपथ होती. मी मामी. तू आमचे फोन का टाळतेस ते मला त्या दिवशीच कळलं, आणि दुसऱ्या दिवशी मी शटर उचललं. तुझे यजमान गेल्यापासून तू सगळं एकटीने ओढलंस, आणि आम्ही ओढू दिलं, कारण तू 'बरं चाललंय' म्हणायचीस. त्या 'बरं चाललंय'चा मला आता मनापासून तिटकारा आलाय. तेव्हा तारीख घे. उद्याच डॉक्टरकडे जा आणि जी पहिली मिळेल ती घे, आणि मला फक्त दिवस कळव. आईंना न्यायला आम्ही येतो, त्यांना काय सांगायचं ते मी बघते, शिव्या बसल्या तर मला बसू देत. आणि 'दवाखान्यात माझ्याजवळ कोण असेल' हा विचार करत बसू नकोस. तुझा दादा इथे आईंपाशी बसेल. तुझ्यापाशी मी बसणार आहे, रजा टाकून झालीय.

तुझीच,
वहिनी